सेकंड हँड बलेनोची दुसरी चावी सांगलीत बनवली, त्या दुकानाबद्दल

सांगली-मिरज भागात जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी लिहितोय, कारण चावीचं काम करणारे बरेच भेटतात पण नीट समजावून सांगणारा हा पहिलाच भेटला.

माझी गाडी 2017 ची बलेनो अल्फा पेट्रोल, एमएच 10 चीच. गाडी चांगली, सर्व्हिसची हिस्ट्री चांगली, फक्त चावी एकच मिळाली. दुसरी घरात कुठंतरी असेल, सापडली की देतो असं आधीचे मालक म्हणाले आणि ती काय सापडली नाही. बटण स्टार्टची गाडी म्हणजे खिशातला रिमोट हीच चावी, तो एकच असला आणि हरवला तर गाडी जाग्यावर उभी. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये पण चावी होते पण तिथं ऑर्डर टाकून थांबावं लागतं, म्हणून मित्रानं सांगितल्यावर ह्यांच्याकडं गेलो. पुष्पराज चौकाकडून मिरजेच्या बाजूला जाताना, छोटा गाळा, धड पाटी पण नाही, काचेवर रिमोट चावीचा स्टिकर आहे तेवढीच खूण.

आत गेल्या गेल्या काकांचा पहिला प्रश्न, "गाडी कुणाच्या नावावर हाय?" आरसी दाखवा म्हणाले. मी डिजीलॉकरमधली दाखवली, ट्रान्स्फर झालेली होती, मग आधार बघितलं, बाहेर येऊन चेसिस नंबर आरसीशी जुळवला, रजिस्टरमध्ये नाव गाडी नंबर लिहून सही घेतली आणि मगच रेट सांगितला. मला हे फार आवडलं. जो माणूस काय न विचारता तुमच्या गाडीची चावी करून देतो तो उद्या दुसऱ्या कुणाला पण तुमच्या गाडीची चावी करून देणारच की.

काम असं असतं. स्टेअरिंगच्या खाली ओबीडीचं, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं सॉकेट असतं तिथं मशीन जोडतात. त्याआधी त्यांनी गाडीच्या बॅटरीला चार्जर लावला, प्रोग्रामिंग चालू असताना व्होल्टेज पडलं तर कंट्रोल युनिट अडकून बसतं म्हणे. सॉकेटच्या पिना टॉर्च मारून बघितल्या आणि म्हणाले गंज नाही, म्हणजे पाण्यातली गाडी वाटत नाही. आता 2019 चा आणि 2021 चा पूर सांगलीनं बघितलाय, किती गाड्या पाण्यात होत्या ते सगळ्यांना माहितीये, त्यामुळं हे ऐकून लई बरं वाटलं. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून बघायचा, तळाशी मातीची रेघ दिसते का, आणि डिकीतला स्टेपनीचा खड्डा बघायचा, हे पण त्यांनीच सांगितलं. जुनी गाडी बघायला जाताना एवढं तरी कराच.

मशीन लावल्यावर कळलं की गाडीत दोन रिमोट नोंदवलेले आहेत. म्हणजे दुसरी चावी कुठंतरी आहे आणि ती चालती आहे! काकांनी सगळ्या जुन्या नोंदी पुसल्या आणि माझी जुनी एक आणि नवीन एक अशा दोनच परत नोंदवल्या. त्यामुळं जाताना हातात असतील तेवढ्या सगळ्या चाव्या घेऊन जा, घरी राहिलेली पण बाद होते. आणि खरी गोष्ट तर पुढं सांगितली, जी दुसरा कोण बोलला नसता. रिमोटच्या पोटात जी छोटी लोखंडी चावी असते ती मशीननं बाद होत नाही. हरवलेल्या चावीनं गाडी आता चालू होणार नाही पण दार उघडू शकतं, ते पण नको असेल तर दाराचं लॉकच बदलावं लागतं. "लगेच बदला म्हणत नाही, पर म्हायती असावं" एवढंच म्हणाले, गळ्यात मारायचा प्रयत्न नाही.

मग मी गाडीतल्या बाकीच्या बटणांचं विचारलं कारण मॅन्युअल मिळालंच नव्हतं, तर गिऱ्हाईक थांबलं होतं तरी बसून दाखवलं. क्लच न दाबता स्टार्टचं बटण एकदा दाबलं की फक्त रेडिओ वगैरे, दुसऱ्यांदा दाबलं की इग्निशन, इंजिन चालू करायचं तर क्लच दाबूनच. रिमोटचा सेल पूर्ण मेला तर आतल्या लोखंडी चावीनं दार उघडायचं, क्लच दाबून बटण दाबायचं आणि रिमोटचं लॉकच्या बटणाकडचं टोक लगेच स्टार्टच्या बटणाला टेकवून धरायचं, गाडी चालू होते. हे मला करून दाखवलं, सेल काढून! सेल सीआर 2032, कुठं पण मिळतो, एक पाकिटात ठेवा. चालत्या गाडीत खरंच अडचण आली तर तेच बटण दोन सेकंदापेक्षा जास्त दाबून धरलं की इंजिन बंद होतं, पण मग ब्रेक आणि स्टेअरिंग जड होतं त्यामुळं गंमत म्हणून करू नका. हे घरात जो जो गाडी चालवतो त्या प्रत्येकाला माहिती पाहिजे, मी घरी गेल्यावर बायकोला आणि भावाला आधी हेच दाखवलं.

साडेसहा हजार घेतले, लोखंडी चावी कापून धरून. नवीन रिमोट ओरिजिनल नाही हे त्यांनी आधीच सांगितलं होतं, बटणं थोडी कडक आहेत आणि प्लास्टिक हलकं आहे, पण रेंज बरोबर आहे आणि दाराच्या हँडलवरचं काळं बटण पण पहिल्यासारखं चालतं. कमी वाटलं ते म्हणजे पक्कं बिल मागून घ्यावं लागलं, आणि गाडी लावायला जागा नाही, संध्याकाळी तर रस्त्यावरच उभी करावी लागते. बिल मात्र घ्याच, त्यावर हरवलेली चावी बाद केल्याचं लिहून घ्या, कारण गाडी चोरीला गेली तर इन्शुरन्सवाले क्लेमच्या वेळी सगळ्या चाव्या मागतात आणि एक कमी का ते विचारतात. मी आधीच्या मालकांकडून पण चावी हरवल्याचं सहीचं पत्र घेऊन ठेवलंय, त्यांनी लगेच दिलं.

सकाळी दुकान उघडल्या उघडल्या गेलात तर निवांत वेळ देतात.