आपटा ओळखायला गेले आणि वर्षभर जात राहिले : बालाघाटातली देशी झाडांची रोपवाटिका

आधीच सांगते, मला ही जागा मनापासून आवडलीय, 5 पैकी 4.5 देईन, अर्धा कशाचा कापला ते खाली येईलच. अंबाजोगाईपासून पाऊण तासावर डोंगरात एक रिटायर सर आणि काकू मिळून ही रोपवाटिका चालवतात, आणि वर्षातून काही रविवारी झाडं ओळखायचा, बी गोळा करायचा, लावायचा असा वर्ग घेतात. नाव-नंबर इथं टाकत नाही कारण त्यांनीच नको म्हणलंय, दोघंच माणसं, गर्दी झेपत नाही. अंबाजोगाई-केज भागात कुणालाही "देशी झाडांचे सर" म्हणून विचारा, रस्ता सांगतील.

मी तिकडं गेले त्याचं कारण आपटा. पाच वर्षांखाली शहरातल्या एका नर्सरीतून आपट्याचं रोप आणून दारात लावलं होतं, सासूबाई दर दसऱ्याला त्याचीच पानं देवाला वाहायच्या, आणि मागच्या वर्षी त्याला मोठमोठी गुलाबी फुलं आली. फोटो बघून एका मैत्रिणीनं सांगितलं की हा कांचन आहे. खूप वाईट वाटलं मला, झाडाचं नाही, पण इतकी वर्षं आपण सोनं म्हणून वाटतोय ते झाड आपल्यालाच ओळखू येत नाही याचं. तिनंच या सरांचं सांगितलं.

पहिला रविवार दसऱ्याच्या आधीचा होता, सरांनी तो मुद्दामच ठेवलेला. आपटा आणि कांचनाची पानं हातात दिली आणि म्हणाले, "ताई, डोळे मिटून सांगा." खरंच डोळे मिटून कळतं! आपट्याचं पान लहान, जाड, खरबरीत आणि लांबीपेक्षा रुंदीला जास्त, कांचनाचं मोठं, पातळ. आपट्याची फुलंही बारीक, पांढरट-पिवळी, लांबून नजरेत भरत नाहीत. आणि आपट्याच्या सालीचे पूर्वी दोर वळायचे हे माझ्या वडिलांना माहीत होतं, मला नव्हतं. दसऱ्याला आपटा म्हणून गाड्यावर कांचनाची पानं सर्रास विकली जातात, आता बाजारातनं जाताना माझी नजर आधी तिकडंच जाते.

मग माळावर नेलं. शमी, म्हणजे आमच्याकडची सौंदड, आणि वेडी बाभूळ यात गल्लत होते कारण पानं लांबून सारखीच दिसतात. सर म्हणाले काटा बघा. वेडीचे काटे पान जिथं फुटतं तिथं जोडीनं असतात, सौंदडीचे काटे दोन पानांच्या मधल्या फांदीवर कुठंही विखुरलेले असतात. आपल्या गावठी बाभळीची शेंग दोन बियांमधी आवळलेली, माळेतल्या मण्यांसारखी, आणि हिवराची (बाभळीच्याच जातकुळीतलं झाड) साल फिकट पांढरट, पावसाळ्यात फिकट पिवळ्या फुलांचे मोठे झुबके येतात. मोबाईलच्या ॲपला त्यांची ना नाही, पण ॲपनं सांगितलेलं नाव काटा, साल, शेंग यातल्या दोन गोष्टींवर तपासल्याशिवाय वहीत लिहू देत नाहीत. मला ही पद्धत फार पटली. फुलं वर्षातून महिनाभर असतात, काटा आणि साल बारा महिने.

त्याच दिवशी थोडी वादावादीपण झाली, ती सांगायला पाहिजे. गुलमोहर मादागास्करचा, सुबाभूळ मेक्सिकोकडची, ग्लिरिसिडिया मध्य अमेरिकेतली, इथवर सगळे माना डोलवत होते. मग सर म्हणाले चिंच मुळात आफ्रिकेतली आणि सीताफळ अमेरिकेतलं, आणि धारूरकडचे एक दादा एकदम उठलेच. बीडच्या सीताफळाला 2016 मधी जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय, आमच्या डोंगरात ते आपोआप उगवतं, ते परकं कसं? सरांनी शांतपणे उत्तर दिलं. म्हणाले, दादा, सीताफळ तोडा असं मी कधीच म्हणणार नाही, तुमची कमाई आहे ती, लावा, वाढवा, पण उघड्या डोंगरावर जंगल परत आणायचंय म्हणून जेव्हा खड्डे घेता तेव्हा तिथं सालई, धावडा, खैर, पळस, मोह लावा, कारण इथले पक्षी, किडे, फुलपाखरं त्यांच्यासोबतच वाढलेत. दादांना पटलं का नाही माहीत नाही, पण मे महिन्यात बी गोळा करायला ते परत आले होते.

तो मे मधला रविवार सगळ्यात भारी. ऊन लई, पण पहाटे सहाला सुरू करून दहाला संपवतात. पळसाच्या चपट्या शेंगेत टोकाला एकच बी असतं, ते ताजंच पेरायचं, ठेवून जुनं झालं की उगवत नाही. लिंबाचंही तसंच (आमच्याकडं लिंब म्हणजे कडुलिंब), निंबोळी गोळा केली की गर धुवून लगेच पेरायची, पंधरा-वीस दिवसांत उगवण झपाट्यानं घटते. याच्या उलट बहावा. त्याचं बी इतकं टणक की आहे तसं पेरलं तर महिनोन् महिने पडून राहील, म्हणून पाणी उकळून खाली उतरवायचं, त्यात बी टाकायचं आणि रात्रभर तसंच ठेवायचं, जे फुगलं ते पेरायचं, नाही फुगलं ते दगडावर थोडं घासून परत भिजवायचं. बाभळीचं बी तर काकू शेळ्या-मेंढ्यांच्या वाड्यातून आणतात, जनावरानं खाल्लेलं बी चांगलं उगवतं म्हणून. काकू जास्त बोलत नाहीत पण बियांचं खरं ज्ञान त्यांच्याकडं आहे, वर्गात त्यांना अजून बोलू द्यायला पाहिजे असं मी सरांना तोंडावर सांगून आलेय.

रोपांबद्दल. 40 रुपयाला एक, आणि रोप बघून पहिल्यांदा निराशाच होते, कारण वर वीतभर आणि पिशवी मात्र फूटभर लांब. पळस-बाभळीसारख्या झाडांचं सोटमूळ आधी खाली पळतं, आखूड पिशवीत ते तळाला गोल गोल फिरतं, आणि असं गुंडाळलेलं मूळ जमिनीत गेल्यावरही सरळ व्हायला तयार नसतं. म्हणून उंच दिसणारं रोप घेण्यापेक्षा पिशवीचा तळ बघून घ्या, हे मी आता सगळ्यांना सांगते.

शिवाय इथं मागाल ते मिळत नाही. मी म्हणलं बांधावर लावायला 50 पळस द्या. सरांनी उलट विचारलं, जमीन काळी का मुरमाड, ओढा कुठल्या अंगाला, शेजाऱ्याचं पीक कुठं, शेळ्या येतात का, उन्हाळ्यात पाणी कोण घालणार. सगळं ऐकून 12 रोपं दिली. ओढ्याकाठी अर्जुन, करंज आणि उंबर, मुरमाड तुकड्यावर पळस, हिवर आणि बहावा, आणि शेजाऱ्याच्या सोयाबीनवर सावली पडेल अशा बांधावर काहीच नाही. तेव्हा राग आला होता, आता वाटतं 50 नेली असती तर मार्चपर्यंत 40 वाळली असती.

लावायची रीत अशी : उन्हाळ्यातच दोन बाय दोन फुटाचा खड्डा घेऊन तापू द्यायचा, दोन चांगले पाऊस झाले की लावायचं, पिशवी ब्लेडनं उभी चिरायची, बुडाला सोयाबीनचं भुसकट पसरायचं, भोवती बाभळीच्या काट्या. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि मुळाजवळ हवा शिरते, त्याला भुसकटाचा जाड थर हाच उपाय. पहिल्या उन्हाळ्यासाठी रोपाशेजारी मडकं पुरलं, बुडाला भोक पाडून त्यात वात घातली, आठवड्यातून दोनदा भरलं की पुरतं. ज्या लातूरला 2016 मधी रेल्वेनं पाणी आणावं लागलं तिथलं माझं माहेर, त्यामुळं झाडाला पाइप लावून पाणी सोडून देणं मला बघवत नाही.

आणि एवढं करूनही एप्रिलमधी दोन पळस वाळले. अगदी काडी झाली. आमचे मालक, म्हणजे नवरा, उपटायला निघाले होते, मी काकूंना फोन केला तर त्या म्हणाल्या, "हात लावू नका, पळस पहिली दोन-तीन वर्षं वरून मरतो, खाली जिता असतो." जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात बुडातून तीन पानांचा लालसर फुटवा आला. मी चिखलात तिथंच बसून राहिले थोडा वेळ. बहाव्याची पानं हिरव्या अळ्यांनी खाल्ली तेव्हाही फोन केला, फवारू का म्हणून, तर म्हणाल्या पांढरट-पिवळ्या फुलपाखरांची पिल्लं आहेत ती, बहावा परत पानं काढेल. काढली.

आता अर्धा मार्क. बायकांसाठी संडासाची सोय नाही, चार तासांच्या वर्गाला हे चालत नाही, 600 रुपये फी घेताय तर एवढं कराच. रोपांवरची नावं मार्करनं लिहिलेली, एका पावसात धुऊन गेली, मला अर्जुन का करंज हे घरी येऊन पानावरून लावावं लागलं. शेवटचे दोन किलोमीटर कच्चा रस्ता, पावसाळ्यात टू-व्हीलर नेऊ नका. रेंज नाही म्हणून ऑनलाइन पेमेंट होत नाही, रोख न्या. घरपोच पाठवत नाहीत, आणि पाठवूही नये, रोपं कुरियरच्या खोक्यात जगत नाहीत.

जाणार असाल तर आपल्या रानातली ओळखू न येणारी एक डहाळी घेऊन जा, पान, काटा आणि शेंग तिन्ही असतील अशी, ओल्या फडक्यात गुंडाळून. वर्गाची सुरुवात सर त्यावरूनच करतात.