बिझनेस इंटेलिजन्सचे साधन निवडताना: पॉवर बीआय, टॅब्लो, लुकर की मेटाबेस?

डेटा विश्लेषणाचे साधन निवडायला बसलेली मंडळी बहुधा डॅशबोर्डचे (एकाच पटलावर मांडलेल्या आकड्यांचे व आलेखांचे) देखणे नमुने पाहून मत बनवतात. वास्तविक चांगले आलेख आज सगळ्याच प्रमुख साधनांत काढता येतात. खरा फरक पडतो तो ‘विक्री’सारख्या साध्या शब्दाची व्याख्या कुठे लिहून ठेवली जाते, यामुळे. परत आलेला माल वजा करायचा का, कर धरायचा का, ऑर्डर नोंदवल्याची तारीख मानायची की बिलाची, याची उत्तरे विक्री विभाग आणि लेखा विभाग आपापल्या परीने देत असतील, तर एकाच बैठकीत दोन आकडे येतात आणि निर्णय बाजूला राहून वाद मात्र रंगतो. पुढील तुलना मुख्यतः या अंगाने केली आहे.

एक्सेल पुरेसे असेल, तर नवे साधन घेऊ नये. त्याची १०,४८,५७६ ओळींची मर्यादा नेहमी सांगितली जाते, पण ती गाठण्याच्या कितीतरी आधी ‘अंतिम’, ‘अंतिम नवी’ अशा नावांच्या फायली ईमेलमधून फिरू लागतात आणि अडचण तिथूनच सुरू होते.

मायक्रोसॉफ्टचे पॉवर बीआय २०१५ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. यात व्यवहारांचा तक्ता मध्यभागी आणि ग्राहक, वस्तू, तारीख यांचे तक्ते भोवती अशी मांडणी, म्हणजे मॉडेल, करून त्यावर डॅक्स या सूत्रांच्या भाषेत मापे (‘एकूण विक्री’सारख्या आकड्यांची सूत्रे) लिहिली जातात. एकदा लिहिलेले माप त्या मॉडेलवरच्या सर्व अहवालांत तसेच वापरता येते, हा मोठा लाभ. मात्र डॅक्सची सूत्रे एक्सेलसारखी दिसली तरी त्यांचे वर्तन निराळे आहे: तेच सूत्र अहवालातील ज्या चौकटीत येते, तिथल्या गाळण्यांनुसार (फिल्टरनुसार) वेगळे उत्तर देते, आणि हे अंगवळणी पडेपर्यंत हुशार माणसेही चुकतात. डेस्कटॉप आवृत्ती मोफत आहे, पण ती फक्त विंडोजवर चालते. शिवाय अहवाल इतरांना दाखवायचा म्हटले की परवान्यांचा खर्च सुरू होतो. प्रो परवान्यावर आयात केलेल्या मॉडेलला १ जीबीची मर्यादा आहे आणि दिवसाला ८ वेळाच नियोजित रिफ्रेश करता येतो. दर तासाला ताजे आकडे हवे असतील, तर हा मुद्दा आधीच तपासावा.

टॅब्लोचा उगम स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधनात आहे. कंपनी २००३ मध्ये स्थापन झाली आणि २०१९ मध्ये सेल्सफोर्सने ती विकत घेतली. स्तंभाचे नाव ओढून पटलावर टाकले की आतून क्वेरी (डेटाबेसला विचारायचा प्रश्न) तयार होते आणि चित्र उमटते, त्यामुळे काय शोधायचे हे नेमके ठाऊक नसताना डेटा चाचपण्यासाठी मला हे साधन सर्वांत मोकळे वाटते. ते मॅकवरही चालते. परंतु हीच मोकळीक अंगलट येऊ शकते, कारण प्रत्येक जण आपल्या वर्कबुकमध्ये स्वतःचे गणित लिहू लागतो. सामाईक डेटा स्रोत प्रकाशित करण्याची सोय आहे. तो वापरण्याची शिस्त मात्र कंपनीलाच लावावी लागते.

गूगलच्या मालकीचे लुकर याच्या दुसऱ्या टोकाला आहे. इथे आधी लुकरच्याच लुकएमएल भाषेत व्याख्या लिहायच्या, त्या गिटमध्ये (फायलींतील बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत) ठेवायच्या, आणि मग इतरांनी त्यांच्याच आधारे प्रश्न विचारायचे. कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद आपोआप राहते. डेटाची आयात न करता लुकर क्वेरी थेट मूळ डेटाबेसकडे पाठवते, म्हणून डेटाबेस मंद असेल तर डॅशबोर्डही मंदच राहतो, आणि वाचलेल्या डेटानुसार पैसे आकारणारी क्लाउड सेवा असेल तर डॅशबोर्ड उघडण्याचेही बिल येऊ शकते. लुकर स्टुडिओ, म्हणजे २०२२ पर्यंतचा डेटा स्टुडिओ, हे निराळे उत्पादन आहे. नावामुळे अनेकांची गफलत होते.

मेटाबेस आणि एअरबीएनबीमध्ये २०१५ साली जन्मलेले अपाची सुपरसेट ही मुक्तस्रोत (ज्यांचा कोड सर्वांना खुला आहे अशी) साधने परवाना शुल्क न भरता चालवता येतात. एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारण्याची भाषा) न येणाऱ्यांसाठी मेटाबेस सोपे, एसक्यूएल येणाऱ्यांसाठी सुपरसेट सोयीचे. सर्व्हर, बॅकअप आणि अद्ययावतीकरण सांभाळणारा माणूस नसेल, तर ही फुकटाई महागात पडते.

माझ्या मते, दैनंदिन काम आधीच मायक्रोसॉफ्टवर चालणाऱ्या आणि डॅक्स शिकायला किमान एक माणूस मोकळा ठेवू शकणाऱ्या कंपनीने पॉवर बीआय घ्यावे. विश्लेषकांचा अनुभवी गट असेल तिथे टॅब्लो, आणि अभियंत्यांच्या हाती वेगवान डेटा वेअरहाऊस (विश्लेषणासाठी सगळा डेटा एकत्र ठेवणारा डेटाबेस) असेल तिथे लुकर शोभेल. निर्णयापूर्वी ज्या अहवालावरून सर्वाधिक वाद होतात तोच दोन साधनांत करून पाहावा, आकडे लेखा विभागाकडून ताडून घ्यावेत, आणि शाखाप्रमुखाला केवळ आपल्याच शाखेच्या ओळी दिसतात का, हे त्याच्या लॉगिनने उघडून तपासावे.