तीन लिनन शर्ट ११९९ ला, आणि मग आलेला रिफंडचा कॉल

पुरुषांचे बरे कॅज्युअल शर्ट कुठे मिळतात असं मला बरेच जण विचारतात, मामाचे इचलकरंजीला माग होते म्हणून लोकांना वाटतं याला कापडातलं कळतं. तर यावेळी कुठे घ्या हे नंतर सांगतो, आधी कुठे घेऊ नका ते ऐका.

दिवाळीच्या आधी इन्स्टावर एक जाहिरात सारखी समोर यायला लागली. प्युअर लिनन शर्ट, तीनचा कॉम्बो ११९९ फक्त, स्टँड कॉलर, रंग एकदम झकास, ऑलिव्ह, आकाशी आणि तो मातकट गुलाबी असतो ना तो. वर एका म्हाताऱ्या गृहस्थांचा शिवणयंत्रापाशी बसलेला फोटो आणि खाली मजकूर की आमचा पिढीजात कारखाना बंद होतोय, शेवटचा स्टॉक काढतोय, तुमच्या प्रेमाबद्दल आभार वगैरे. म्हणजे माणसाला शर्टही हवासा वाटावा आणि त्या आजोबांचं वाईटही वाटावं. नंतर तोच फोटो गूगलच्या इमेज सर्चमध्ये टाकला तर तेच आजोबा कुठल्या कुठल्या देशांतले कारखाने बंद करताना सापडले, एकीकडे चपलांचा, एकीकडे स्वेटरचा.

वेबसाइट चकाचक होती. कॅश ऑन डिलिव्हरी होतं, सात दिवसांत रिटर्न लिहिलेलं होतं, मग म्हटलं जातंय काय. इथेच खरी मेख आहे आणि ती नीट समजून घ्या. सीओडी म्हणजे आपल्याला वाटतं माल बघून पैसे, पण तसं नसतंच, पार्सल फोडायच्या आधी पैसे द्यावे लागतात आणि ते विकणाऱ्याला नाही, कुरिअरच्या पोराला. तो बिचारा म्हणतो सर ओपन बॉक्स नाहीये यात, आधी क्यूआर स्कॅन करा मग फोडा. त्याचंही बरोबर आहे, त्याला दिवसभरात अजून कितीतरी पार्सलं टाकायची असतात. तुम्ही स्कॅन केलंत, तो जिना उतरला, की तुमच्या आणि विक्रेत्याच्या मध्ये कोणीच उरत नाही.

पिशवी हातात घेतली तेव्हाच हलकी लागली. आतून तीन शर्ट निघाले, रंग फोटोतलेच, म्हणून पहिल्या झटक्यात बरं वाटलं. मग हात लावला. कापड गुळगुळीत आणि थंड, आणि लिननला जो जाडा-बारीक धागा असतो, मध्येच गाठीसारखा फुगलेला, तो इथे चक्क छापलेला होता! म्हणजे कापडावर फिकट-गडद रेघा प्रिंट करून लिननचा आभास. उलटं करून बघितलं तर आतून कापड कोरं, रेघच नाही. तिन्हींच्या कॉलरमागे एक्सएल, पण टेप लावली तर एकाची छाती ४४ भरली, दुसऱ्याची ४१ आणि तिसऱ्याची मधलीच कुठेतरी. काजांचे धागे लोंबत होते, एक काज तर कापायचंच राहून गेलेलं. आणि कॉलरच्या लेबलवर बारीक अक्षरात काय लिहिलेलं, तर 'लिनन फील'. जाहिरातीत प्युअर लिनन, लेबलवर लिनन फील. हे लोक हुशार आहेत हो, उद्या कोणी विचारलंच तर आम्ही कुठे लिनन म्हटलं.

दिवाळीला मामा आला होता, त्याला दाखवले. त्याने शर्ट नाकाशी नेला, खालच्या दुमडीतून दोन धागे ओढून काढले, चिमट्यात धरून पणतीवर नेले. धागा जळला नाही, आक्रसत वितळत गेला, टोकाला काळी टणक गोळी झाली आणि वास आला जळक्या प्लास्टिकचा. मग माझ्याच जुन्या सुती शर्टाचा धागा तसाच धरला, तो कागदासारखा भुरुभुरु जळला आणि करड्या रंगाची राख झाली जी बोटाने चोळली की उडून गेली. "लिनन कुठलं रं हे, निव्वळ पॉलिस्टर हाय, ह्याचं अस्तर बी कुणी लावत न्हाई," मामा म्हणाला. ही परीक्षा घरी करायची तर धागाच जाळा, शर्ट नव्हे, आणि एक लक्षात ठेवा की याने फक्त पॉलिस्टर पकडता येतं. व्हिस्कोस, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून केलेला धागा, पण सुतासारखाच जळतो आणि लिननही तसंच जळतं, त्यामुळे कागदासारखं जळलं म्हणजे कॉटनच असं समजून खूश होऊ नका.

किमतीचंही जरा बोलू. लिनन हे जवसाच्या झाडाच्या खोडातल्या धाग्यापासून होतं, तेच जवस ज्याची आपण चटणी करतो. पण आपल्याकडे विदर्भ-मराठवाड्यात जवस लावतात ते बियांसाठी, तेलासाठी. कापडाचा लांब धाग्याचा जवस मुख्यतः फ्रान्स-बेल्जियमकडे होतो आणि तिथून धाग्याचा माल इकडे आयात होतो. दुकानात चांगलं प्युअर लिनन कापड साधारण सातशे-आठशे रुपये मीटरच्या खाली सहसा मिळत नाही, एका शर्टाला दीड मीटरच्या वर कापड लागतं, वर शिलाई. मग चारशेत तयार शर्ट, तोही घरपोच, कुरिअर आणि जाहिरातीचा खर्च धरून? शक्यच नाही.

आता रिटर्नचं. व्हॉट्सॲप नंबर होता, त्यावर मेसेज टाकला की लगेच उत्तर, 'डिअर कस्टमर युअर कन्सर्न इज इम्पॉर्टंट टू अस'. मग सांगितलं की तुमच्या खर्चाने परत पाठवा, पैसे नाही मिळणार, कूपन मिळेल. मी म्हटलं कूपन काय करू, अजून तीन पॉलिस्टर घेऊ? त्यानंतर डीपी गायब, म्हणजे ब्लॉक.

पार्सलवरच्या चिठ्ठीवर विक्रेत्याचं नाव वेगळंच होतं, पेजच्या नावाशी काही संबंध नाही. खाली जीएसटी नंबर होता. तो जीएसटीच्या सरकारी साइटवर 'सर्च टॅक्सपेयर'मध्ये टाकला, फुकट असतं, लॉगिनही लागत नाही, तर निघालं की मोबाइल ॲक्सेसरीजचा धंदा आणि रजिस्ट्रेशन कधीच रद्द झालेलं. हे काम ऑर्डर द्यायच्या आधीही करता येतं, अर्थात साइटवर नंबर असेल तर. नंबर १५ अक्षरांचा असतो, पहिले दोन आकडे राज्याचे, २७ म्हणजे महाराष्ट्र. कारखाना पुण्यात म्हणतात आणि नंबर भलत्याच राज्याचा तर विचारा. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांत स्पष्ट आहे की ऑनलाइन विकणाऱ्याने आपलं कायदेशीर नाव, पत्ता, तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क दाखवायचा, तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची. यांच्या साइटवर एक जीमेलचा आयडी होता. बस.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी हे लिहिलंही नसतं, बाराशे रुपये गेले म्हणून गप्प बसलो असतो आणि त्यांना तेच हवं असतं, रक्कमच अशी ठेवतात की कोणी पोलिसात जाऊ नये. पण नंतर एक कॉल आला. गोड आवाज, हिंदीत, सर आपका रिफंड अप्रूव्ह हो गया है. माझा ऑर्डर नंबर, रक्कम, पत्ता, शर्टाचे रंग सगळं त्याला पाठ. साहजिक आहे, माहिती त्यांच्याचकडे, आपणच दिलेली. म्हणाला व्हॉट्सॲपवर एक रिफंड फॉर्म पाठवलाय तो इन्स्टॉल करा, त्यात बँक निवडा आणि यूपीआय पिन टाका. फॉर्म इन्स्टॉल कुठे करतात होय? ती एपीके फाइल होती, म्हणजे फोनमध्ये थेट ॲप घुसवणारी फाइल. बायको बँकेत आहे, ती बाजूला भाजी निवडत बसलेली, स्पीकरवर ऐकून म्हणाली, "अरे पैसे यायला पिन कशाला लागतो? पिन फक्त पैसे जायला लागतो." आणि तिनेच फोन घेऊन त्याला विचारलं की तुमची शाखा कोणती, तर त्याने कट केला.

आमच्याच सोसायटीतल्या एका काकांच्या बाबतीत असंच झालेलं. त्यांनी कुठल्यातरी बुटांचं रिटर्न व्हावं म्हणून कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधला, तिथे कोणीतरी आपलाच नंबर टाकून ठेवलेला, आणि त्या माणसाने स्क्रीन शेअर करायला लावून अडतीस हजार काढले. काकांनी ताबडतोब १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, फोन केला म्हणून त्यातले थोडे पुढच्या खात्यात गोठवले गेले, उरलेले गेलेच. म्हणजे शर्ट-बूट हा निव्वळ गळ, मासा पकडतात तो रिफंडच्या वेळी. असं काही झालंच तर आधी १९३०, तेही त्याच तासात, आणि मग सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार. उद्या बघू म्हणालात तर पैसे चार खाती पुढे गेलेले असतात.

माझं काय झालं? ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार केली, मराठीत बोलता येतं, माणूसही नीट बोलला. पण ते कंपनीकडे तक्रार पाठवतात, कंपनीच अस्तित्वात नसेल तर पाठवणार कोणाकडे. कुरिअरवाल्यांनी कळवलं की आम्ही फक्त पोचवतो. सीओडीचे पैसे कुरिअर कंपनी विक्रेत्याला लगेच देत नाही, काही दिवसांनी वळते करते, त्यामुळे त्याच दिवशी पार्सल फोडतानाच्या व्हिडिओसकट कुरिअरकडे लेखी तक्रार टाकली तर थोडाफार दबाव येतो असं बायकोच्या ओळखीतल्या एकाने सांगितलं, माझ्याकडे व्हिडिओच नव्हता. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही, पण समोर पत्ता असलेला माणूस लागतो. पैसे काही आले नाहीत. ते पेज मात्र नाव बदलून चालू आहे, इन्स्टावर प्रोफाइलच्या तीन टिंबांत 'अबाउट धिस अकाउंट' बघितलं की आधी किती वेळा नाव बदललं ते दिसतं. ज्या दुकानाने एवढ्यात तीन-चारदा बारसं केलंय त्याच्याकडून काही घेऊ नका.

आता कुठे घ्यायचे. दुकानातही डोळे उघडे लागतातच, मंगल कार्यालयात भरणारे ते दोन दिवसांचे 'ब्रँडेड कपड्यांचे ७०% सेल' माझ्या मते याच पेजचे थोरले भाऊ आहेत. एमआरपीच्या स्टिकरवर दुसरं स्टिकर चिकटवलेलं असतं, नखाने उचकटून बघा, खाली निम्मा आकडा सापडतो, आणि सोमवारी हॉल रिकामा. मुंबईच्या फॅशन स्ट्रीटला एक्स्पोर्ट सरप्लस, म्हणजे परदेशी ऑर्डरींतून उरलेला माल, म्हणून मिळतं त्यात खरोखर चांगला माल असतो, पण निवडायला वेळ लागतो, काखेतली शिवण आणि कॉलर चोळून बघायची, चेक्सचा शर्ट असेल तर खिशावरच्या चौकटी खालच्या चौकटींशी जुळतात का बघायचं. जिथे कापड वाचवायला चौकटी न जुळवताच खिसा लावलाय तिथे बाकीचंही वाचवलेलं असतं.

मी स्वतः आता तयार शर्ट बंदच केलेत जवळजवळ. पुण्यात लक्ष्मी रोडला शर्टिंगच्या दुकानात जातो, कापड हातात घेतो, मुठीत चुरगाळून सोडतो, उजेडाकडे धरतो. दुकानदाराला 'प्युअर' हा शब्द बिलावर लिहायला सांगतो, तिथेच बरेचदा प्युअरचं ब्लेंड, म्हणजे मिश्र धाग्याचं, होतं. ५८ इंची पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, असेल तर फुल शर्टाला १.६० मीटर पुरतं, ३६ इंचीला सव्वादोन ते अडीच, पोट असेल तर अडीचच घ्या. रोजच्या वापराला लिनन हवंच असं काही नाही, चांगलं सुती पोपलीन निम्म्याहून कमी भावात येतं आणि पुण्याच्या उन्हाळ्यात तेच बरं वाटतं. कापड शिंप्याकडे टाकायच्या आधी एक रात्र पाण्यात भिजवून वाळवा, आटायचं ते आधीच आटतं. खादी भांडारातले हाफ शर्टही वाईट नसतात, रंग जरा मास्तरांसारखे असतात एवढंच.

माझा शिंपी शिलाईचे साडेचारशे घेतो, माप एकदाच दिलंय, वाढलेलं तो डोळ्यांनीच ओळखतो. फक्त दिवाळीच्या तोंडावर त्याच्याकडे जाऊ नका, कापड गणपतीतच टाका, नाहीतर शर्ट तुळशीच्या लग्नाला हातात पडतो.