चॅप्टर स्थापनेसाठी मुख्य कार्यालयाची सेवा: कागदपत्रे चोख, शुल्काची माहिती मात्र हप्त्याहप्त्याने

अमेरिकेतील फ्रॅटर्निटी, म्हणजे विद्यापीठांतील विद्यार्थ्यांची बंधुत्व-संघटना, म्हटली की आपल्याकडे पार्ट्या आणि धिंगाणा एवढेच डोळ्यांसमोर येते. प्रोफेशनल फ्रॅटर्निटी हा प्रकार मात्र निराळा आहे. १९०४ साली न्यूयॉर्क विद्यापीठात वाणिज्याच्या विद्यार्थ्यांनी अल्फा कॅप्पा साय स्थापन केली आणि त्याच वर्षी मिनेसोटा विद्यापीठात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची थीटा टाऊ सुरू झाली. अशा संघटनांत सभासदत्व अभ्यासक्रमावर ठरते आणि बहुतेक ठिकाणी मुलामुलींना सारखाच प्रवेश असतो. आमच्या विद्यापीठात अशाच एका संघटनेचा चॅप्टर, म्हणजे स्थानिक शाखा, आम्ही काढला. तिचे नाव मुद्दाम देत नाही. परीक्षण आहे ते तिच्या मुख्य कार्यालयाने स्थापनेच्या काळात पुरवलेल्या सेवेचे.

मागितला आणि चॅप्टर मिळाला, असे होत नाही. इच्छुकांचा गट जमवणे, सल्लागार म्हणून एखाद्या प्राध्यापकांना राजी करणे आणि विद्यापीठाची मान्यता मिळवणे एवढे झाल्यावर तात्पुरता दर्जा मिळतो; त्या काळात सभासदसंख्या, उपक्रम आणि हिशेब यांच्या अटी पूर्ण केल्या, तरच चार्टरसाठी, म्हणजे शाखेच्या अधिकृत मान्यतापत्रासाठी, अर्ज करता येतो.

या टप्प्यावर कार्यालयाची खरी किंमत कळते. त्यांनी दिलेली नमुना-नियमावली चांगली होतीच, पण खजिनदारासाठीची हिशेबवही तिच्याहून सरस निघाली. सभासदाकडून आलेल्या रकमेतला मुख्य कार्यालयाकडे पाठवायचा वाटा तिच्यात पहिल्याच रकान्यात वेगळा काढला जातो, त्यामुळे दुसऱ्याचे पैसे आपले समजून खर्च होण्याची सोयच उरत नाही. करमाफी असलेल्या छोट्या संस्थांना दरवर्षी अमेरिकेच्या कर खात्याकडे ९९०-एन हे विवरण भरावे लागते आणि सलग तीन वर्षे ते न भरल्यास करमाफी आपोआप रद्द होते, ही गोष्ट त्यांनी बँक खाते उघडण्याआधीच आमच्या कानावर घातली. पदवीबरोबर दरवर्षी पदाधिकारीही बदलणाऱ्या संस्थेत असा इशारा लेखी मिळणे फार मोलाचे आहे. नव्या सभासदांच्या छळाबाबतचे नियमही मोघम नव्हते. जुन्यांनी नव्यांना वैयक्तिक कामे सांगणेसुद्धा त्यांत स्पष्ट शब्दांत निषिद्ध होते.

तक्रार आहे ती शुल्काबाबत. चार्टरची रक्कम पहिल्याच पत्रात होती. दायित्व विमा, बिल्ले आणि स्थापना समारंभाला येणाऱ्या पथकाचा प्रवास हे खर्च मात्र एकेक करून, बहुधा बिलाच्या रूपानेच, समोर आले. विद्यार्थ्यांच्या वर्गणीवर चालणाऱ्या गटाशी असे वागणे योग्य नव्हे. त्यातच मध्येच आमचे मार्गदर्शक बदलले आणि नव्या बाईंनी तीच कागदपत्रे पुन्हा मागितली.

समारंभ देखणा झाला. विधी गोपनीय असल्याने त्याविषयी लिहीत नाही; मूळ सभासदांनी नोंदवहीत एकामागून एक सह्या केल्या, तेव्हा एरवी थट्टेखोर असलेली मंडळीही सरळ उभी होती, एवढे सांगायला हरकत नसावी.

केवळ व्याख्याने आणि कारखाना-भेटी ठेवायच्या असतील, तर विभागाचे साधे मंडळ पुरते आणि स्वस्तही पडते. माजी सभासदांचे देशभरचे जाळे हवे असेल, तर ही सेवा घ्यावी. मात्र एका व्यवसायातील एका फ्रॅटर्निटीत गेल्यावर त्याच क्षेत्रातील दुसरीत सहसा जाता येत नाही, हे सोबत्यांना आधी सांगावे आणि सर्व शुल्कांची एकत्रित यादी लेखी हातात आल्याशिवाय अर्जावर सही करू नये. पाचपैकी साडेतीन गुण.