एसक्यूलाइट: ४ वर्षं आणि १९ कारखान्यांनंतर

परवा अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात आठवड्याच्या पगाराची आकडेमोड चालू होती आणि वीज गेली. चालते माग एकदम थांबल्यावर जी शांतता पसरते, ती सोलापुरात वाढलेल्या माणसाला डोळे मिटूनही ओळखू येते. यूपीएसची बॅटरी उन्हाळ्यातच गेली होती, त्यामुळे कॉम्प्युटरही जागच्या जागी बंद. हिशेब बघणारे काका काही बोलले नाहीत, फक्त माझ्याकडे बघत राहिले. चाळीस मिनिटांनी वीज आली. प्रोग्राम उघडला तर शेवटची जतन केलेली नोंद जागेवर होती. अर्धवट भरलेली एक नोंद तेवढी नव्हती, आणि ती नसायलाच हवी होती. काकांनी चष्मा पुसला आणि पुढच्या कामगाराचं नाव वाचायला घेतलं.

त्या प्रोग्रामच्या पोटात एसक्यूलाइट (SQLite) आहे, म्हणजे माहिती साठवून ठेवणारी डेटाबेस प्रणाली. ४ वर्षं मी रोज तिच्यावर जगतेय, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहितेय.

आधी मी कोण ते सांगते, कारण माझं मत माझ्या कामाच्या आकाराचं आहे. वडील अशोक चौकाजवळच्या कारखान्यात जेकार्डच्या मागावर होते. घरात तेलुगू, गल्लीत मराठी. इंजिनिअरिंग झाल्यावर काही वर्षं पुण्यात नोकरी केली, मग परत आले. यंत्रमाग कारखान्यांसाठी मजुरीचा हिशेब करणारा प्रोग्राम मी एकटीच बनवते, विकते आणि सांभाळते. कोणत्या मागावर, कोणत्या पाळीत, किती नग निघाले, दर काय, उचल किती, हातात किती. १९ कारखाने वर्षाला प्रत्येकी १८,००० रुपये देतात. भागीदार नाही, गुंतवणूकदार नाही, हाताखाली कुणी नाही. पगाराच्या दिवशी काही अडलं तर फोन मलाच येतो.

पहिल्या दोन ग्राहकांसाठी मी एका मोठ्या कंपनीचा क्लाउड डेटाबेस, म्हणजे इंटरनेटवरून त्यांच्या सर्व्हरवर चालणारा, घेतला होता, कारण नोकरीत तेच पाहिलं होतं. महिन्याचं बिल माझ्या कमाईच्या मानाने जड होतंच, पण खरी अडचण वेगळी होती. कारखान्याचं इंटरनेट गेलं की पगार थांबायचा. आठवडाभर राबून पैशासाठी दाराशी उभ्या असलेल्या माणसाला ‘सर्व्हर लागत नाही’ हे कसं सांगायचं? मला तरी सांगता आलं नाही. त्या महिन्यात सगळं उचकटून एसक्यूलाइटवर आणलं.

एसक्यूलाइट म्हणजे वेगळा चालणारा सर्व्हर नाही. ती तुमच्या प्रोग्रामच्या आतच बसते आणि सगळी माहिती एका फायलीत ठेवते. वापरकर्त्याचं नाव, पासवर्ड, पोर्ट, सर्व्हिस चालू आहे का, यातलं काही बघावं लागत नाही. ती बनवणारे रिचर्ड हिप अमेरिकी नौदलाच्या विनाशिकेसाठीच्या सॉफ्टवेअरवर काम करत होते. डेटाबेस सर्व्हर बंद पडला की त्यांचा प्रोग्रामही अडायचा. मग सर्व्हर हवाच कशाला, या प्रश्नातून २००० साली हिचा जन्म झाला. युद्धनौकेवर डेटाबेस सांभाळणारा तज्ज्ञ बसलेला नसतो, आणि टॉवेलच्या कारखान्यातही नसतो. म्हणून माझ्या ग्राहकांच्या गरजेला ही इतकी नेमकी बसते. तुमच्या फोनमध्ये आणि ब्राउझरमध्येही ती आहेच, अँड्रॉइड असो, आयफोन असो, क्रोम असो की फायरफॉक्स.

किंमत शून्य. परवान्याच्या अटीही नाहीत, कारण कोड सार्वजनिक मालकीत दिलेला आहे. मला सगळ्यात धीर देणारी गोष्ट म्हणजे तो लिहिणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत आणि बाहेरच्यांचा कोड ती सहसा घेत नाहीत. इतकी थोडी माणसं इतकं पक्कं काम करू शकतात, कारण चाचण्यांवर त्यांचा जीव आहे. मूळ कोडपेक्षा चाचण्यांचा कोड कित्येक पटींनी मोठा आहे. एकटीने काम करताना मी ही सवय त्यांच्याकडूनच उचलली. मजुरीच्या दराचा प्रत्येक प्रकार माझ्याकडे आता चाचणीत लिहिलेला आहे.

रोजच्या वापरात सगळ्यात जास्त सुख कशाचं, तर प्रत्येक कारखान्याची फाइल वेगळी. एकाचा हिशेब दुसऱ्याला दिसण्याची भीतीच नाही. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका मोठ्या ग्राहकाचा ४ वर्षांचा सगळा हिशेब २३ एमबीत मावतो. काही बिघडलं तर मी त्याची प्रत घरी, जुळे सोलापुरातल्या माझ्या टेबलावर उघडते आणि तिथे हिशेब बघणाऱ्यांना स्क्रीनवर जे दिसतंय तेच बघत फोनवर बोलते. मदतीचा निम्मा वेळ यातच वाचतो, आणि एकट्या माणसाकडे विकायला वेळच तर असतो.

पण पुठ्ठ्याच्या डब्यातून काढून लगेच वापरावी अशी ही वस्तू नाही. काही गोष्टी मला नुकसान सोसून कळल्या.

पहिली गोष्ट प्रत घेण्याची. वेग चांगला मिळावा म्हणून मी एसक्यूलाइटची ‘वॉल’ (WAL) नावाची लिहिण्याची पद्धत चालू केली होती. ही २०१० पासून आहे आणि हिच्यात लिहिणं चालू असतानाही वाचणारे अडत नाहीत. या पद्धतीत नव्या नोंदी आधी शेजारच्या वेगळ्या फायलीत जातात आणि मग सवडीने मुख्य फायलीत उतरतात. मी काकांना रोज संध्याकाळी मुख्य फाइल पेन ड्राइव्हवर घ्यायला शिकवलं होतं. तेव्हा प्रोग्राम उघडाच असायचा आणि शेजारची फाइल मागेच राहायची. एके दिवशी त्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क गेली आणि पेन ड्राइव्हवरच्या प्रतीत शेवटच्या दोन दिवसांच्या नोंदी नव्हत्या. कागदी मस्टर होतं म्हणून निभावलं. रात्री साडेअकरापर्यंत मी आणि काका कांड्या भरणाऱ्या बायकांपासून जॉबरपर्यंत एकेक नोंद परत भरत बसलो होतो. आता प्रोग्रामच ‘व्हॅक्यूम इंटू’ हा आदेश वापरून एकसंध प्रत काढतो, ती प्रत उघडून तपासतो आणि मगच हिरवी खूण दाखवतो. साधी कॉपी-पेस्ट कुणीही करू नका.

दुसरी गोष्ट. एका मालकांना ऑफिसात आणि कारखान्याच्या फाटकाशी अशा दोन्ही कॉम्प्युटरवर हिशेब दिसायला हवा होता. मी फाइल नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवून दोन्हीकडून उघडली. असं करू नका, हे एसक्यूलाइटच्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं आहे. मी ते वाचलं फाइल खराब झाल्यावर. आता एकाच कॉम्प्युटरवर प्रोग्राम चालतो आणि दुसऱ्यावर तो ब्राउझरमधून दिसतो.

तिसरी गोष्ट मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी आहे. एसक्यूलाइटमध्ये रकाना अंकांचा आहे असं सांगितलं तरी ती त्यात मजकूर शिरू देते. काकांनी उचलीच्या जागी मराठी अंकांत ‘२५०’ लिहिलं. फॉर्ममधून आलेला मजकूर मी न तपासता पुढे पाठवला होता. तिने तो मजकूर म्हणून ठेवला आणि बेरजेत शून्य धरला. कामगाराच्या हातात अडीचशे रुपये जास्त गेले. त्याने स्वतः येऊन सांगितलं म्हणून कळलं, नाहीतर मला पत्ताही लागला नसता. चूक माझीच, पण त्यावरचा उपाय एसक्यूलाइटनेच दिलेला आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये आलेल्या ३.३७ आवृत्तीपासून तक्ता बनवताना ‘स्ट्रिक्ट’ लिहिता येतं. मग चुकीचं काही आलं की ती सरळ नकार देते. शिवाय मी आता मराठी अंक आधीच बदलून घेते, कारण काकांनी इंग्रजी अंक लिहावेत असं मला अजिबात वाटत नाही.

पैशांसाठी दशांशाचा वेगळा प्रकार नाही, म्हणून सगळी रक्कम रुपयांऐवजी पैशांत, पूर्णांक म्हणून ठेवा. एका तक्त्यातल्या नोंदीचं दुसऱ्या तक्त्याशी नातं जपणारी तपासणीही मुळात बंद असते. प्रत्येक वेळी जोडणी उघडताना ती चालू करावी लागते.

मराठी क्रमवारीत मात्र एसक्यूलाइट उघडी पडते. ती अक्षरं त्यांच्या संगणकीय क्रमांकाप्रमाणे लावते, आणि तो क्रम आपल्या मुळाक्षरांच्या तक्त्याचा नाही. आपला ‘ळ’ ‘ह’ नंतर येतो, तिथे तो ‘ल’ला चिकटून येतो. त्यामुळे यादीत ‘बालाजी’, मग ‘बाळू’, मग ‘बासू’ असं दिसतं. ‘ज्ञानेश्वर’ शेवटी जायचा तो ‘ज’च्या घरात सापडतो. आणि ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांना हे क्रमांक देणाऱ्या प्रमाणात, उशिरा आलं, त्याचा क्रमांक ‘ह’च्याही पुढचा. म्हणून ‘ॲडव्हान्स’ हा कपातीचा प्रकार ‘हजेरी बोनस’च्या खाली जाऊन बसला होता. ज्या माणसाने तीस वर्षं हाताने खतावणी लिहिली, त्याला हे बघून प्रोग्रामच चुकीचा वाटतो, आणि त्याचं वाटणं रास्त आहे. शोधातही हाच त्रास. ‘ऱ्या’मधला ‘ऱ’ दोन प्रकारांनी टाइप होतो, दिसतो एकसारखा, पण एसक्यूलाइटला ती दोन वेगळी अक्षरं वाटतात. जतन करण्याआधी युनिकोडचं प्रमाणीकरण केलं, म्हणजे अशी दोन रूपं एकसारखी करून घेतली, की हा प्रश्न सुटतो. ‘ॲ’च्या बाबतीत तेवढ्याने भागत नाही, कारण कुणी ‘अ’ला वेगळी चंद्रकोर जोडतं आणि ते रूप आपोआप एक होत नाही. तिथे मी स्वतः बदल करते.

शब्दशोधाची जी सोय बरोबर येते, तीही मूळ मांडणीत आपल्या काना-मात्रांना शब्दाची फट समजते आणि ‘चादर’चे तुकडे करते. मात्रांचे प्रकार शब्दाचा भाग म्हणून सांगावे लागतात. नाहीतर तीन-तीन अक्षरांचा शोध वापरा.

चांगली बाजू अशी की क्रम ठरवणारं स्वतःचं फंक्शन एसक्यूलाइटला पायथन या प्रोग्रामिंग भाषेतून सहज देता येतं. मी चाळीस ओळींचं लिहिलं. ज्या दिवशी ‘बाळू’ बरोबर जागी गेला, त्या दिवशी काका पहिल्यांदा म्हणाले, “आता जमलं बघा, ताई.” माझ्या आजवरच्या कामातली ती सगळ्यात मौल्यवान पावती.

वीज वारंवार जाणाऱ्या ठिकाणी आणखी एक सांगते. वॉल पद्धतीत ‘सिंक्रोनस’ हे सेटिंग, म्हणजे नोंद डिस्कवर पक्की उतरेपर्यंत किती थांबायचं ते, ‘नॉर्मल’ केलं की वेग वाढतो आणि फाइलही खराब होत नाही. पण वीज गेल्यावर शेवटच्या काही नोंदी जाऊ शकतात. मजुरीच्या हिशेबात ते चालत नाही. मी ‘फुल’च ठेवते.

ही कुणासाठी नाही? एका वेळी एकच जण लिहू शकतो, हा तिचा पाया आहे. एकाच वेळी शेकडो जण सतत लिहिणार असतील किंवा अनेक सर्व्हरनी मिळून एक डेटाबेस वापरायचा असेल, तर सरळ पोस्टग्रेससारखा सर्व्हरवर चालणारा डेटाबेस घ्या. पण आपल्याला ते लागेलच असं आधीच धरून चालू नका. एसक्यूलाइटची स्वतःची वेबसाइट तिच्यावरच चालते आणि रोज ४ ते ५ लाख विनंत्या झेलते. बाळीवेशीजवळच्या एका ओळखीच्या शेंगाचटणीवाल्यांची ऑर्डर घेणारी साइट मी यावरच बनवली. गड्ड्याच्या जत्रेच्या आठवड्यातही ती एकदाही अडली नाही.

आता अण्णांचा प्रश्न. अण्णा माझे जुने ग्राहक, ४८ माग आहेत त्यांचे. विकत घेण्याआधी त्यांनी प्रोग्राम नीट बघितला, चहा पाजला आणि विचारलं, “सगळं चांगलंय गं. पण उद्या तू लग्न करून गेलीस, नाहीतर पुण्याला गेलीस, मग आमी कुणाकडं जायचं?” क्लाउडच्या दिवसांत या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. एकट्या माणसाकडून सॉफ्टवेअर घेणाऱ्या प्रत्येकाच्या मनात तो असतो, विचारतात थोडे.

मी त्यांच्याच कॉम्प्युटरवर एक मोफत प्रोग्राम टाकला, जो कुठलीही एसक्यूलाइट फाइल उघडतो. त्यांच्या कारखान्याची फाइल त्यात उघडून दाखवली. कामगारांची नावं, नग, उचल, सगळं डोळ्यांसमोर, माझ्या प्रोग्रामशिवाय. २००४ मध्ये ठरलेला फायलीचा आराखडा आजही वाचता येतो, आणि २०५० पर्यंत सांभाळण्याचं वचन बनवणाऱ्यांनी दिलेलं आहे, हेही सांगितलं. अण्णांनी बोटांवर मोजलं. म्हणाले, “माझा नातू तवा चाळिशीला येईल.” मग खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला, फाइल उतरवलेला पेन ड्राइव्ह त्यात अडकवला आणि पहिल्या वर्षाचा चेक लिहायला मुलाला हाक मारली.

तो पेन ड्राइव्ह अजून त्याच जुडग्यात आहे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ते स्वतः प्रत घेतात आणि मला फोन करतात, “हिरवी खूण आली गं.”