डीटीपीच्या दुकानाला क्लोनझिला कितपत पुरतं?

अंबाजोगाईत माझं डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बॅनर, मेडिकल कॉलेजच्या मुलांचे थिसिस, बचत गटांची लेटरहेडं, सगळं एकाच कॉम्प्युटरवर चालतं. कोरल ड्रॉ, श्रीलिपीचे जुने फॉन्ट, प्रिंटरचे ड्रायव्हर, थंब मशीनचं सेटिंग, हे एकदा नीट बसलं की त्याला हात लावू नये असं असतं. विंडोज नव्यानं टाकून देणारे पुष्कळ मिळतात. पण ते टाकून गेले आणि मागच्या वर्षीची पत्रिका उघडली, की ‘श्री योगेश्वरी प्रसन्न’च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसतो. तो मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठीच दिसेल अशा पद्धतीत, नसतो. तोच फॉन्ट कॉम्प्युटरवर असेल तरच तो मराठीत दिसतो. आणि गिऱ्हाईक समोर उभं: “ताई, थोरल्याची पत्रिका हाय ना तुमच्याकडं? तीच ठेवा, फक्त नावं बदला.”

म्हणून नुसत्या फायली कॉपी करून माझं भागत नाही. मला अख्खी डिस्क जशीच्या तशी हवी असते, आणि त्यासाठी क्लोनझिला हे माझ्या मते सगळ्यात भरवशाचं साधन आहे. फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, तैवानच्या राष्ट्रीय संगणन केंद्रातल्या लोकांनी तयार केलेलं आहे. याच कामाच्या मॅक्रियम रिफ्लेक्ट या दुसऱ्या प्रोग्रामच्या फुकट आवृत्तीचा सपोर्ट २०२४ च्या सुरुवातीला संपला, तेव्हापासून तर फुकटात काय वापरावं असं कुणी विचारलं की मी हेच नाव सांगते.

हे विंडोजमध्ये बसवायचं नसतं. क्लोनझिलाची आयएसओ फाईल (अख्खा प्रोग्राम एकाच फाईलमध्ये) उतरवून रुफस नावाच्या फुकट प्रोग्रामनं पेनड्राईव्हवर घ्यायची आणि कॉम्प्युटर त्या पेनड्राईव्हवरून चालू करायचा. पुढं दोन वाटा आहेत. एक, डिस्कची इमेज, म्हणजे फायलींत साठवलेली अख्ख्या डिस्कची नक्कल, करून बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवणं. दुसरी, एका डिस्कवरून थेट दुसऱ्या डिस्कवर. हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकायची असेल तर दुसरी वाट. वापरलेला भागच उचलला जातो, त्यामुळं मोठी डिस्क निम्मी रिकामी असेल तर वेळ बराच वाचतो. इमेज क्लोनझिला दाबून (कॉम्प्रेस करून) ठेवतं, म्हणून जागाही कमी लागते.

आता तो स्क्रीन. माऊस नाही, मराठी नाही, नुसता इंग्रजी मजकूर, बाण, स्पेस आणि एंटर. त्यात डिस्क निवडायची जागा येते तिथं मात्र घाई करू नका. एसडीए, एसडीबी अशी नावं दिसतात, पुढं आकार, मॉडेल आणि सिरीयल नंबर. आधी कुठून घ्यायचं ते विचारतं, मग कुठं टाकायचं ते. दोन्ही डिस्क एकाच आकाराच्या असल्या तर नुसत्या आकारावरून कळत नाही. मी नव्या डिस्कच्या लेबलवरचे सिरीयलचे शेवटचे चार आकडे चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवते आणि जुळवूनच पुढं जाते. उलटं निवडलं तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर चढेल. क्लोनझिला दोनदा ‘वाय’ दाबायला लावतं, ते उगाच नाही. दोन्ही वेळा वरचा मजकूर पूर्ण वाचा.

काम सुरू झालं की किती वेळ गेला, किती राहिला, मिनिटाला किती जीबी, सगळं समोर दिसतं. आमच्याकडं लाईटीचा भरवसा नाही, म्हणून हे काम मी शटर ओढल्यावर, इन्व्हर्टर पूर्ण भरलेला असताना लावते.

अडचणी आहेत, त्याही सांगते. नवी डिस्क जुनीपेक्षा लहान चालत नाही. एक टीबीची हार्ड डिस्क ४८० जीबीच्या एसएसडीवर न्यायची तर आधी पार्टिशन (डिस्कचा सी, डी असा भाग) आक्रसून लहान करावं लागतं, पुढं क्लोनझिलाच्या एक्सपर्ट मोडमधले पर्याय वापरावे लागतात, आणि ते नवख्याचं काम नाही. माझी क्लोनझिलावर सगळ्यात मोठी नाराजी हीच. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं एन्क्रिप्शन) चालू असलेल्या लॅपटॉपची रिकामी जागासुद्धा सेक्टर-सेक्टर उचलली जाते, मग रात्र जाते. विंडोजचं फास्ट स्टार्टअप (लवकर चालू व्हावं म्हणून कॉम्प्युटर पूर्ण बंद न करणारं सेटिंग) आधी बंद करून कॉम्प्युटर पूर्ण शटडाऊन करा, नाहीतर पार्टिशन अर्धवट बंद झालंय म्हणून ते अडून बसतं. आणि क्लोन झाल्यावर दोन्ही डिस्क जोडून विंडोज चालू करू नका. दोघींची ओळख एकच असल्यामुळं विंडोज गोंधळतं. जुनी काढून ठेवा, नवीवर चालू करून बघा.

डिस्क टकटक वाजत असेल तर क्लोनझिलाच्या भानगडीत पडूच नका. खराब सेक्टर लागला की ते थांबतं. तिथं डीडीरेस्क्यू हा बिघडलेल्या डिस्कमधून डेटा काढायचा प्रोग्राम लागतो. तो वाचता येणारा भाग आधी काढून घेतो आणि अडलेल्या जागी नंतर परत येतो. डेटा फार मोलाचा असेल तर डिस्क बंद करून सरळ रिकव्हरीवाल्याकडं न्या.

काळ्या स्क्रीनची ज्यांना धास्ती वाटते त्यांनी रेस्क्यूझिला घ्यावं. तिथं माऊस चालतो, क्लोनझिलाच्या इमेज उघडतात, आणि मोठ्या एसएसडीवर उरलेली जागा जोडायला जीपार्टेड हा पार्टिशन लहान-मोठं करायचा प्रोग्रामही त्यातच मिळतो. सेतूवाल्या पोरांना मी आधी तेच दाखवते. स्वतःच्या दुकानात मात्र क्लोनझिलाच. लग्नसराई सुरू व्हायच्या आधी एक इमेज करून ती हार्ड डिस्क घरी कपाटात ठेवते, दुकानात नाही. रोजच्या पत्रिका आणि थिसिस संध्याकाळी पेनड्राईव्हवर वेगळे घेते, कारण इमेजमध्ये ती केली त्या दिवसापर्यंतचंच असतं.