विकसनशील देशाची आयात : विकसित देशांकडून की विकसनशील देशांकडून?

विकसनशील देशाने यंत्रसामग्री विकसित देशाकडून घेतली, तर अचूकता आणि टिकाऊपणा यांची खात्री बहुधा अधिक असते. मात्र किंमत आणि सुट्या भागांचा खर्च चढाच राहतो. दुसऱ्या विकसनशील देशातून आलेला साधा पंप सहसा स्वस्त पडतो आणि स्थानिक मिस्त्रीलाही तो उघडून दुरुस्त करता येतो, ही बाब आयातीच्या हिशेबात क्वचितच धरली जाते. विकसनशील देशांमधील व्यापार-सवलतींची जागतिक प्रणाली १९८९ पासून अमलात असून तिच्या सदस्यांना परस्परांच्या ठरावीक मालावर कमी आयातशुल्क लावता येते. सवलतींची व्याप्ती मात्र तोकडीच आहे. शिवाय विकसनशील देशांचा आपसातला एकूण व्यापार समान बळाच्या देशांमधला आहे, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल, कारण त्यातील मोठा वाटा एकट्या चीनचा आहे.